पेठांतील सिग्नलांना स्वयंचलित यंत्रणा जोडल्याने प्रवास खरोखर सुधारेल का? निवेदनासाठी सल्ला हवा

मंडईकर:

नमस्कार. मी पुण्याच्या मध्यवर्ती पेठांमध्ये जन्मापासून राहतो. आमच्या भागातील काही रहिवासी आणि दुकानदार मिळून महापालिका आणि वाहतूक शाखा यांना देण्यासाठी एक निवेदन तयार करीत आहोत, आणि त्याच्या मसुद्यावरून आमच्यातच एकमत होत नसल्यामुळे येथील जाणकारांना विचारावे असे ठरले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. गेल्या काही वर्षांत पुणे स्मार्ट सिटीच्या प्रकल्पातून शहरातील सुमारे सव्वाशे चौकांत अशी सिग्नल यंत्रणा आली आहे, की जी वाहनांच्या गर्दीचा अंदाज घेऊन हिरव्या दिव्याची वेळ स्वतःच कमी-जास्त करते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला, त्यामुळे कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके आमच्या अगदी दारात आली. तरीही संध्याकाळी सहानंतर बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता किंवा अप्पा बळवंत चौक येथून बाहेर पडायचे म्हटले, की चालत गेलेले बरे असे वाटते. आणि चालायला लागावे, तर पदपथावर पाऊल ठेवायला जागा नसते.

आमच्यातील तरुण मंडळींचे म्हणणे असे की आणखी कॅमेरे, आणखी सेन्सर, मोकळ्या पार्किंगची माहिती देणारे फलक आणि प्रत्येक चौकात आपोआप वेळ ठरवणारे सिग्नल यांची मागणी करावी. ज्येष्ठ मंडळींना वाटते, की रस्त्यांची रुंदी शनिवारवाड्याच्या काळातील आहे आणि वाहने आजची आहेत, तेव्हा यंत्राने काय होणार?

माझ्या मनात हा विषय का बसला, तेही सांगतो. मागील महिन्यात आईला घेऊन एक चौक ओलांडत होतो. तिचे वय चौऱ्याहत्तर, गुडघ्याचे दुखणे आहे. चालणाऱ्या माणसाचे हिरवे चित्र लागल्यावरच आम्ही पाऊल टाकले, पण रस्त्याच्या मध्यावर पोहोचेपर्यंत ते चित्र लुकलुकू लागले आणि डावीकडून दुचाकी सुटल्या. तिने माझा दंड इतका घट्ट धरला, की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसत होते. तेव्हापासून ती एकटी त्या बाजूला जात नाही. मंडईतून भाजी आणण्याची पन्नास वर्षांची सवय तिने सोडली आहे.

तेव्हा माझे प्रश्न असे: ही यंत्रणा नेमके काय करू शकते आणि काय करू शकत नाही? दाट वस्तीच्या, अरुंद रस्त्यांच्या भागासाठी तिच्याकडून काय मागावे? आणि निवेदनात एखादी गोष्ट सर्वांत वर लिहायची झाली, तर कोणती?

आवर्तन:

मंडईकर, प्रश्न नेमका विचारल्याबद्दल आभार. मी अनेक वर्षे सिग्नलच्या वेळा ठरवण्याचे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. त्यातूनच बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे निघतील असे वाटते.

सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन म्हणजे एका बाजूचा हिरवा दिवा लागल्यापासून तो पुन्हा लागेपर्यंतचा काळ. जुन्या पद्धतीत हा काळ आणि त्यातील प्रत्येक बाजूचा वाटा आधीच ठरवून ठेवलेला असतो. सकाळचा एक तक्ता, दुपारचा दुसरा, संध्याकाळचा तिसरा. परिस्थितीनुसार बदलणारी यंत्रणा मात्र रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून किंवा कॅमेऱ्यांतून येणारी वाहने मोजते आणि दर आवर्तनाला हे वाटे थोडे थोडे सरकवते. ही कल्पना नवी नाही. सिडनीची ‘स्कॅट्स’ ही पद्धत १९७० च्या दशकातील, आणि ब्रिटनमधील ‘स्कूट’ तिच्यानंतर काही वर्षांनी आलेली. या पद्धती रांगेत, आपापल्या लेनमधून जाणाऱ्या मोटारींसाठी बेतलेल्या होत्या. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, बस आणि हातगाडी एकाच वेळी, मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात, म्हणून सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने आपल्या मिश्र वाहतुकीसाठी ‘कॉसिकॉस्ट’ ही वेगळी पद्धत विकसित केली.

आता मर्यादेकडे येतो. वेबस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९५८ मध्ये मांडलेले एक सूत्र आजही आमच्या कामाचा पाया आहे. चौकात दर आवर्तनाला काही सेकंद वाया जातात, कारण दिवा बदलला की थांबलेली वाहने हलायला वेळ लागतो आणि मध्ये पिवळा दिवाही असतो. या वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करून त्यात पाच मिळवायचे, आणि आलेल्या संख्येला चौकाच्या ‘शिल्लक क्षमतेने’ भागायचे. म्हणजे चौकाच्या एकूण क्षमतेचा जो अंश अजून वापरला गेलेला नाही, त्याने. उत्तर येते ते त्या चौकासाठी योग्य असे आवर्तन.

चार टप्प्यांच्या चौकात, म्हणजे जेथे चारही बाजूंना पाळीपाळीने हिरवा दिवा मिळतो तेथे, प्रत्येक टप्प्याला चार सेकंद वाया जातात असे धरले, तर एकूण सोळा सेकंद होतात आणि भागायची संख्या येते २९. चौक ७० टक्के भरलेला असेल, तर आवर्तन ९७ सेकंदांचे. ८० टक्के भरला, तर १४५ सेकंद. ९० टक्के भरला, तर २९० सेकंद, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटे. आणि चौक पूर्ण भरला की भागायला काही उरतच नाही. त्या क्षणी जगातील कोणतीही यंत्रणा आणली, तरी ती एका बाजूचे सेकंद काढून दुसऱ्या बाजूला देण्यापलीकडे काही करू शकत नाही, कारण प्रत्येक बाजूला रांग आहे आणि वाटायला मोकळा सेकंदच नाही.

ही शिल्लक क्षमता कशाने खाल्ली जाते, हे आपल्या पेठांमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसते. भारतीय मानकांनुसार, साधारण साडेपाच मीटरपेक्षा रुंद रस्त्यावरून हिरवा दिवा सतत सुरू असताना दर मीटर रुंदीमागे ताशी ५२५ मोटारींएवढी वाहतूक चौकातून पुढे जाऊ शकते. साडेसात मीटर रुंदीच्या रस्त्यावर कडेला दोन मीटर जागा उभ्या वाहनांनी अडवली, की क्षमता सुमारे ३,९०० वरून सुमारे २,९०० वर येते. हे चारही बाजूंना घडले, तर मघाचा ७० टक्के भरलेला चौक ९५ टक्क्यांवर जातो, आणि सूत्र दहा मिनिटांहून अधिक लांबीचे आवर्तन मागू लागते. असे आवर्तन कोणी ठेवत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात रांग मागच्या चौकापर्यंत जाते आणि तोही चौक बंद पडतो.

म्हणून माझे पहिले आणि आग्रहाचे मत असे: निवेदनात सर्वांत वर सिग्नलची मागणी लिहू नका. चौकाच्या अलीकडचे आणि पलीकडचे पन्नास मीटर, दोन्ही कडांनी, दिवसभर मोकळे ठेवण्याची मागणी लिहा. सम-विषम तारखांच्या पार्किंगचे पी-१, पी-२ फलक त्या पट्ट्यातून काढून टाकावेत. त्यानंतर सेन्सर आणि कॅमेरे यांना काम करायला जागा उरेल.

खिडकीशेजारी:

‘आवर्तन’ यांचे गणित मला पटले, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती मला अस्वस्थ करते. ते गणित वाहने मोजते, माणसे मोजत नाही.

मी रोज शिवाजी रस्त्याने बसने जाते. एक बस साधारण तीन मोटारींएवढी जागा घेते आणि गर्दीच्या वेळी तिच्यात चाळीस-पन्नास माणसे असतात. तीच चाळीस माणसे मोटारींतून निघाली आणि एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर सत्तावीस मोटारी लागतील. यंत्रणेला फक्त रांगेची लांबी कळत असेल, तर ती सत्तावीस मोटारींच्या रांगेला हिरवा दिवा देईल आणि एकट्या बसला लाल दिव्यावर उभी ठेवील. तिच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. म्हणून यंत्रणा काय मोजणार आहे, हा प्रश्न निवेदनात आलाच पाहिजे.

बसला सिग्नलवर प्राधान्य देण्याची पद्धत साधी आहे. बसमध्ये तिचे स्थान सांगणारे उपकरण असतेच. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाचे उपकरण बंधनकारक आहे. बस चौकाच्या जवळ आली आणि हिरवा दिवा संपत आला असेल, तर तो सहा-आठ सेकंद लांबवायचा; लाल असेल, तर तो थोडा आधी संपवायचा. आठ सेकंद लांबवल्याने आडव्या रस्त्यावरील लोकांचे आठ सेकंद जातात, पण बसमधील चाळीस माणसांचा सव्वा-दीड मिनिटांचा लाल दिवा वाचतो.

झ्युरिक शहराने हे फार पूर्वी केले. तेथील नागरिकांनी १९७३ मध्ये भुयारी रेल्वेचा प्रस्ताव मतदानात फेटाळला आणि १९७७ मध्ये ट्राम आणि बस यांना रस्त्यावरच वेग मिळवून देण्यासाठी निधी मंजूर केला. तेव्हापासून ट्राम येताना दिसली की सिग्नल तिच्यासाठी तयार असतो, आणि शहराच्या मध्यभागी किती मोटारी एका वेळी आत सोडायच्या, हेही बाहेरच्या सिग्नलांवरच ठरते. दक्षिण कोरियातील सोल शहराने १ जुलै २००४ रोजी बसव्यवस्था एका दिवसात बदलली. रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका, उपग्रहाद्वारे बसवर नजर ठेवणारे नियंत्रण केंद्र आणि बस-मेट्रोला एकच कार्ड हे सगळे एकत्र आले.

पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी, म्हणजे बसला वेगळी मार्गिका देण्याचा, प्रयोग केला, तो उपनगरांच्या रुंद रस्त्यांसाठी होता. पेठांमध्ये वेगळ्या मार्गिकेला जागाच नाही, हे मान्य आहे. पण नेमके त्यामुळेच सिग्नलवरील प्राधान्य हा बससाठी येथे उरलेला एकमेव मार्ग आहे, कारण त्यासाठी रस्त्याची एक इंचही जागा लागत नाही.

आणखी एक. थांब्यावर ‘पुढची बस सहा मिनिटांत’ एवढे खात्रीने कळले, तरी माणूस शांतपणे थांबतो. दिल्लीने २०१८ मध्ये बसच्या वेळा आणि त्यांची चालू स्थिती सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात खुली केली. अशी माहिती खुली असली, की तिच्यावर काम करणारी मुले प्रत्येक शहरात असतात. ती आपल्याकडे तर ढिगाने आहेत. ही मागणी कृपया विसरू नका.

आवर्तन:

खिडकीशेजारी, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तो मी माझ्या उत्तरात आणायला हवा होता. त्याला जोडून एक बारकावा सांगतो, जो आमच्या क्षेत्रातही अनेकदा निसटतो.

शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता ही एकदिशा जोडी असल्यामुळे तेथे ओळीने हिरवे दिवे मिळण्याची व्यवस्था चांगली बसू शकते, कारण समोरून येणाऱ्या वाहतुकीचा विचार करावा लागत नाही. दोन चौकांत तीनशे मीटर अंतर असेल आणि वाहने ताशी ३० किलोमीटरने जात असतील, तर दुसरा दिवा ३६ सेकंदांनी हिरवा करायचा. पण बस मधल्या थांब्यावर वीस-पंचवीस सेकंद थांबते. म्हणजे मोटारींसाठी उत्तम जुळवलेली ही साखळी बसला नेमकी प्रत्येक चौकात लाल दिवा दाखवते. गर्दीत वेग ताशी १५ वर आला, तर ते ३६ सेकंद ७२ होतात आणि साखळी मोटारींसाठीही तुटते. यावर उपाय असा, की थांबा चौकाच्या अलीकडे न ठेवता चौक ओलांडल्यावर ठेवायचा. बस आधी हिरव्या दिव्यात चौक पार करते आणि मग निवांत थांबते. शिवाय ती चौकापर्यंत कधी पोहोचेल, याचा अंदाज यंत्रणेला नेमका करता येतो. थांबे तीस-चाळीस मीटर पुढे सरकवणे हे काम कॅमेऱ्यांच्या तुलनेत किरकोळ खर्चाचे आहे.

पुस्तकगल्ली:

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे तीन पिढ्यांचे दुकान आहे. चौकाच्या दोन्ही बाजूंनी पन्नास मीटर मोकळे ठेवा, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, हे मान्य करतो. म्हणून दुकानदाराची बाजू येथे मांडणे आवश्यक वाटते.

जून महिन्यात सकाळी अकराला शालेय पुस्तकांचा टेम्पो येतो. चाळीस-पन्नास गठ्ठे असतात, एकेक गठ्ठा वीस-बावीस किलोचा. हमाल दोघे. टेम्पो दुकानासमोर उभा राहिला, तर वीस मिनिटांत माल आत जातो. शंभर मीटरवर उभा राहिला, तर तासभर लागतो आणि हमाली दुप्पट होते. चालक तेथे हौसेने उभा राहत नाही. मागून हॉर्न वाजत असतात, तो एका हाताने आरसा आत वळवून घेतो, दुसऱ्या हाताने ‘दोनच मिनिटे’ अशी खूण करतो, आणि पावती फाडली जाईल या भीतीने डोळे सतत चौकाकडे लावून असतो. त्याच्यासाठी शहराने कोठेही जागा आखलेली नाही, ही खरी अडचण आहे.

या कामी तंत्रज्ञान उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन टेम्पो मावतील एवढी जागा फक्त माल उतरवण्यासाठी पिवळ्या पट्ट्यांनी आखावी. दुकानदाराने आदल्या दिवशी मोबाइलवरून अर्ध्या तासाची वेळ राखून ठेवावी, आणि त्या वेळेत त्या क्रमांकाच्या वाहनाला कोणी हात लावू नये. रविवार पेठेतील घाऊक बाजार, बोहरी आळी, तुळशीबाग या सर्वांना हे लागू होईल. सकाळी दहाच्या आत आणि रात्री नऊनंतर येणाऱ्यांना ती जागा विनाशुल्क द्यावी, भर दुपारी हवी असेल, तर पैसे घ्यावेत. आम्ही ते देऊ. आज दंडापोटी आणि खोळंब्यापोटी जे जाते, त्यापेक्षा ते कमीच असेल.

ग्राहकांच्या पार्किंगबद्दल आमचे दुकानदार बांधव घाबरतात, कारण वाहन लावायला मिळाले नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही असे त्यांना वाटते. महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. त्या दिवशी मी मुद्दाम तेथे जातो. माणसे रस्त्याच्या मधून चालतात, दुकानांच्या काचांपुढे थांबतात, लहान मुलांचा हात सोडतात. हात सोडलेले मूल लक्ष्मी रस्त्यावर एरवी मी कधी पाहिलेले नाही.

तेव्हा पन्नास मीटर मोकळे ठेवा, मी सही करतो; मात्र माल उतरवण्याची जागा त्याच निवेदनात, त्याच पानावर मागा.

तोआपायो:

मूळचा सदाशिव पेठेतील, गेली अठरा वर्षे सिंगापूरमध्ये आहे. मंडईकर, तुमच्या आईंचा प्रसंग वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो.

येथे रस्ता ओलांडण्याच्या खांबावर एक छोटी पेटी असते. ज्येष्ठ नागरिकांनी किंवा अपंग व्यक्तींनी आपले सवलतीचे कार्ड तिच्यावर टेकवले, की त्या वेळेपुरता चालणाऱ्यांचा हिरवा दिवा वाढतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तीनपासून तेरा सेकंदांपर्यंत. २००९ मध्ये हे प्रयोग म्हणून सुरू झाले आणि नंतर शहरभर पसरले. माझ्या शेजारच्या आजी ते कार्ड गळ्यात अडकवूनच बाहेर पडतात. बुद्धिमान वाहतूक म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर मोठे पडदे असलेला नियंत्रण कक्ष येतो. मला मात्र आधी ती पेटी आठवते.

याचे गणितही सोपे आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून सहसा वेळ ठरवतात. चौदा मीटरचा रस्ता त्या वेगाने बारा सेकंदांत ओलांडला जातो. गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीचा वेग ०.८ धरला, तर तिला साडेसतरा सेकंद लागतात. तुमच्या आईंना हवे होते ते हे साडेपाच सेकंद. ब्रिटनमध्ये तर माणूस अजून पट्ट्यांवर आहे हे सेन्सरने ओळखून दिवा धरून ठेवणारी ठिकाणेही आहेत, म्हणजे कार्डसुद्धा लागत नाही.

येथील प्रवेश शुल्काबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून तेही सांगतो. सिंगापूरने १९७५ मध्ये गाडीच्या काचेवर कागदी परवाना लावून मध्यवर्ती भागात गर्दीच्या वेळी येणाऱ्या वाहनांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली आणि १९९८ पासून कमानींखालून जाताना ते आपोआप कापले जाऊ लागले. दर मनाला येईल तसे ठरत नाहीत. मोठ्या शहरी रस्त्यांवर वेग ताशी २० ते ३० किलोमीटरच्या दरम्यान राहावा, एवढेच पाहतात. वेग त्याखाली गेला तर दर वाढतो, वर गेला तर कमी होतो. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ रोजी दिवसाला पाच पौंडांनी सुरुवात केली. स्टॉकहोममध्ये २००६ मध्ये सात महिने आधी प्रयोग करून पाहिला, वाहने सुमारे वीस टक्क्यांनी घटली, आणि मग मतदान घेऊन २००७ पासून ते कायम केले.

पण पुण्यात लगेच हे मागू नये असे माझे मत आहे. सिंगापूरमध्ये शुल्काबरोबरच पर्याय म्हणून बस आणि १९८७ पासून मेट्रोही उभी राहत गेली. पेठांमध्ये मेट्रो नुकतीच आली आहे. स्थानकाच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचे चारशे मीटर आधी चालण्याजोगे करा.

नाना_नारायण:

इतकी चर्चा वाचल्यावर एक शंका. चौकात एक जाणता हवालदार आणि दोन वॉर्डन उभे केले, तर हे सगळे होत नाही का? गणेशोत्सवात दहा दिवस, आणि विसर्जनाच्या दिवशी चोवीस तासांहून अधिक काळ, माणसेच सगळे सांभाळतात. शिवाय प्रत्येक खांबावर कॅमेरा आला, तर आम्ही कोठून कोठे गेलो, याची नोंद कोणाकडे आणि किती दिवस राहणार?

आवर्तन:

नाना, जाणत्या हवालदाराला चौकाचा शहाणपणा असतो, हे मी अनुभवाने सांगतो. पण त्याला पुढच्या चौकातील रांग दिसत नाही. तो समोरची गर्दी पाहून एक बाजू दोन-तीन मिनिटे सोडतो, आणि ती सगळी वाहने पुढच्या चौकात एकदम जाऊन अडकतात. यंत्रणेचा खरा लाभ येथे आहे: ती पुढे जागा नसेल, तर मागे हिरवा दिवा देत नाही. मात्र उत्सवाच्या काळात यंत्रणेची मोजमापे कुचकामी ठरतात, कारण रस्तेच बंद असतात; त्या दिवसांसाठी वेगळे तक्ते आधीच तयार ठेवावे लागतात आणि ते हवालदारांना विचारूनच करावे लागतात. दुसरे असे, की रस्ता खोदला की पुरलेल्या तारा तुटतात, पावसात कॅमेऱ्याची काच धुरकटते. सेन्सर बंद पडल्यास सिग्नलने कोणत्या तक्त्यावर जायचे आणि दुरुस्ती किती तासांत व्हायची, हे कंत्राटात लिहिलेले असावे आणि चौकाचौकांचा तपशील नागरिकांना पाहता यावा.

नोंदीबद्दलची तुमची काळजी योग्य आहे. वाहने मोजण्यासाठी क्रमांक वाचण्याची गरज नसते. मोजणीचे कॅमेरे आणि दंडाचे कॅमेरे वेगळे ठेवावेत, मोजणीच्या कॅमेऱ्यांनी फक्त आकडा पुढे पाठवावा, चित्र साठवू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण ही अट निविदेतच असली, की नंतर वाद उरत नाही.

मंडईकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्याकडे सात-आठ जण बसलो होतो, तेव्हा हे सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. आईही ऐकत होती. पेटीवर कार्ड टेकवण्याचे ऐकल्यावर तिने पहिला प्रश्न केला, की ती पेटी किती उंचीवर असते. कारण तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ‘तोआपायो’ यांनी कृपया सांगावे.

मसुद्यात बदल केले आहेत. कॅमेऱ्यांची मागणी पहिल्या क्रमांकावरून खाली आणली. आता सुरुवातीला चालणाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ सेकंदाला ०.८ मीटर या वेगाने ठरवण्याची मागणी आहे, कारण त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, असलेल्या यंत्रात आकडा बदलावा लागतो. त्याखालोखाल चौकाजवळचे पन्नास मीटर आणि माल उतरवण्याची आखलेली जागा. ‘पुस्तकगल्ली’ यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही एकाच पानावर. बसचे प्राधान्य आणि थांबे चौकापलीकडे नेणे हे एकत्र लिहिले आहे.

एका गोष्टीची उणीव मात्र जाणवली. आमच्याकडे आमच्याच चौकाचे मोजमाप नाही. म्हणून काल संध्याकाळी मी घड्याळ घेऊन तासभर एका चौकात उभा राहिलो. हिरवा दिवा लागूनही पुढे जागा नसल्याने वाहने जागची हलली नाहीत, असे किती वेळा होते ते लिहायला बसलो. पण एकट्याला दिवा पाहणे, वाहने मोजणे आणि वहीत लिहिणे जमेना, आणि मध्येच एक टेम्पो पुढ्यात उभा राहिल्याने पलीकडची बाजू दिसेनाशी झाली. प्रत्येक कोपऱ्यावर एक आणि लिहायला एक, असे निदान पाच जण हवेत. येत्या शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसात पुन्हा मोजायचे ठरवले आहे. ‘आवर्तन’, तुम्ही पुण्यात असाल, तर कोणते रकाने आखायचे, ते सांगायला याल का? रस्त्याची रुंदी मोजायला तीस मीटरची फीत मी कापड दुकानातील एका मित्राकडून आणली आहे. बाकीच्यांनी फक्त सेकंदकाटा असलेले घड्याळ आणावे.